मोटर कोणी चालू ठेवली

आमच्या इमारतीतली मोटर जळाल्याचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जातो. बायकोला वाटतं, मला त्या जुन्या प्रकरणाचा कंटाळा आहे. तिचा हा समज मी कितीतरी वर्षं तसाच राहू दिला. आता सत्तरी उलटली आहे, आणि ज्या माणसापासून हे लपवायचं होतं तोही उरलेला नाही, म्हणून लिहितो आहे. यात शौर्य काही नाही. धोका टळल्यावर खरं बोलणाऱ्याची जी किंमत होते, तीच माझी व्हावी.

कन्नड मुलखातल्या, जयलक्ष्मीपुरममधल्या या इमारतीत आम्ही निवृत्तीनंतर घर घेतलं. इमारतीला असोसिएशन आहे, म्हणजे रिकाम्या माणसांनी एकमेकांना महत्त्व देण्याची सोय. तेव्हाचे अध्यक्ष कुठल्याशा कंपनीत मोठ्या पदावर होते आणि जिन्यातल्या कुंड्यांबद्दलसुद्धा कारखाना काढत असल्यासारखे बोलत. खजिनदारांना कशातलंच काही कळत नसे, म्हणून ते प्रत्येक ठरावाला अनुमोदन देत. या मंडळींत संगणकाचं काम केलेला मी एकटा. वासरांत लंगडी गाय शहाणी, आणि या गाईला आपण लंगडी आहोत हेही ठाऊक नव्हतं.

तळमजल्यावर मेष्ट्रु राहत. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना कन्नड रीतीने मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, म्हणत. घराणं इथल्या राजाच्या फौजेत येऊन स्थिरावलेल्या मराठ्यांचं. घरात मराठी बोलत, पण वाक्य मराठीत निघायचं आणि वाटेत कन्नडात शिरायचं. मी पुण्याचा. घरी येऊन मी त्यांच्या बोलण्याची नक्कल करत असे. बायको हसत नसे, तरी करत असे.

पत्नी गेल्यापासून मेष्ट्रूंनी एक काम अंगावर घेतलं होतं. सकाळी जमिनीखालच्या टाकीतलं पाणी मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि ती भरली की मोटर बंद करायची. पंपाच्या खोलीची किल्ली ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत. त्या कामासाठी ते दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून खाली येत. मला ते हास्यास्पद वाटायचं. बटण दाबायला माणूस कशाला, असं मी बैठकीत म्हणालो आणि अध्यक्षांना लगेच त्यात भविष्यकाळ दिसला.

मी एक छोटा संगणक आणून पंपाच्या खोलीत बसवला आणि त्यावर शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञा, लिहिली. तिची रचना सांगतो, कारण पाप तिथेच आहे. मुख्य स्क्रिप्ट सकाळी आपोआप सुरू होई आणि एक छोटा प्रोग्राम सुरू करून देई. तो प्रोग्राम जिवंत असेपर्यंत मोटर चालू. वरची टाकी भरल्याचा इशारा आला की तो मोटर बंद करून आपला आपण संपे, आणि त्याची वाट बघत बसलेली मुख्य स्क्रिप्टही संपे. टाकी भरलीच नाही तर? त्यासाठी मी वेळेची मर्यादा घातली होती. वेळ उलटली की मुख्य स्क्रिप्टच्या नंबरवर सरळ 'किल' आज्ञा जाई, तीही सगळ्यांत कठोर, समोरच्याला आवराआवर करायला क्षणही न देणारी. या कामासाठी लिनक्समध्ये, म्हणजे तो संगणक ज्या प्रणालीवर चालतो तिच्यात, चांगली तयार आज्ञा आहे. पण दुसऱ्याने केलेलं वापरणं मला कमीपणाचं वाटलं.

बैठकीत मी हे सगळं पडद्यावर दाखवलं. कोणाला काही कळलं नाही, टाळ्या मात्र वाजल्या. मेष्ट्रूंनी हात वर केला.

"नोडी, बघा साहेब, ती स्क्रिप्ट मेली म्हणजे मोटर थांबलीच, अल्वा, हो ना?"

"मेष्ट्रु, मी कधी तुमच्या भूगोलात नाक खुपसलंय का?"

सगळे हसले. मेष्ट्रूही हसले. किल्ली मात्र त्यांच्याकडेच राहिली, कारण अडीअडचणीसाठी भिंतीवरचं जुनं बटण आम्ही ठेवलं होतं.

बरेच महिने सगळं नीट चाललं. टाकी रोज वेळेत भरत होती, त्यामुळे ती मर्यादा कधी गाठलीच गेली नाही, आणि मीही ती कधी तपासून पाहिली नाही. मग एका सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी आलं नाही. खालची टाकी कोरडी होती. मोटर पाण्याविना फिरत राहिली, तापली आणि जळाली. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला.

अध्यक्षांचा फोन आला तेव्हा मी आधी लॅपटॉप उघडला. खाली काय बोलायचं ते ठरवायला, दुसरं काही नाही. चालू प्रोसेसची, म्हणजे त्या क्षणी चाललेल्या प्रोग्रामांची, यादी काढली आणि तो छोटा प्रोग्राम तिथे दिसला, जिवंत. वेळ उलटल्यावर माझ्या आज्ञेने मुख्य स्क्रिप्ट मेली होती, पण तिने जन्माला घातलेलं पोर मेलं नव्हतं. अशा अनाथ पोराला लिनक्समध्ये पहिल्या नंबरची प्रोसेस दत्तक घेते आणि ते निमूट आपलं काम करत राहतं. मोटर राख झाली तरी ते ती चालूच ठेवून बसलं होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने करावी अशी ही चूक.

मी त्या प्रोग्रामला मारलं, यादी पुन्हा काढून खात्री केली आणि मग चपला घातल्या.

पंपाच्या खोलीपाशी सगळे जमले होते. मी मोबाइलवर संगणकाने ठेवलेली नोंद दाखवली: वेळ संपली, स्क्रिप्ट थांबवली. नोंद खरी होती. खोट्याला खऱ्या नोंदीइतका चांगला आधार नाही.

"मग मोटर चालू कोणी ठेवली?" अध्यक्षांनी विचारलं.

मी बोललो. "भिंतीवरचं बटण आहे ना. सकाळी कोणी दाबलं असेल आणि विसरलं असेल."

नाव घेण्याची गरजच नव्हती. किल्ली एकाच माणसाकडे होती.

"मी दाबलं नाही हो," मेष्ट्रु म्हणाले. "आलो होतो खाली, सुम्मने, नुसतं बघायला. पण बटण..." ते थांबले आणि स्वतःच्या हाताकडे बघू लागले. "दाबलं काय की."

त्यांनी खिशातून किल्ली काढून खजिनदारांच्या हातात दिली. खजिनदारांनी अनुमोदन दिल्यासारखी मान हलवली.

त्याच दुपारी मी स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता वेळ उलटली की आधी सगळ्या कुटुंबाला, आई आणि पोर दोघांनाही, सौम्य इशारा जातो. काम आवरायला सवड मिळते, आणि तरीही कोणी उरलं तर मग कठोर आज्ञा. दोन-चार ओळींचं काम. नवी मोटर आल्यावर ती अशी शहाण्यासारखी चालली की अध्यक्षांनी शाल देऊन माझा सत्कार केला. मी ती शाल वापरतो. उबदार आहे.

मेष्ट्रूंचा स्वतःवरचा भरवसा मात्र मोडत गेला. कुलूप लावून चार पावलं गेले की ते परत फिरत. बोलता बोलता मध्येच विचारत, "हे मी तुम्हाला आधी सांगितलं का?" सांगितलेलं नसायचं. बेंगळुरूहून मुलगा आला. बाबा गॅस चालू ठेवून विसरले तर, ही धास्ती त्याने घेतली होती, आणि ती त्याला आमच्याच अध्यक्षांनी काळजीच्या स्वरात फोन करून पुरवली होती. घर बंद करून तो त्यांना घेऊन गेला. फाटकापाशी निरोप द्यायला मीही उभा होतो. सामान गाडीत ठेवायला हातसुद्धा लावला.

पुढे कधीतरी मी बेंगळुरूला गेलो, केवळ त्यांना सांगायला. बसमध्ये वाक्य पाठ केलं. मेष्ट्रु खिडकीशी बसले होते, इस्त्रीच्या कपड्यांत. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मला बसवेना. सून चहा ठेवून गेली, तसं त्यांनी आवाज खाली केला. म्हणाले, रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेतो. आणि त्यांनी मला कावेरीच्या सगळ्या उपनद्या म्हणून दाखवल्या, कोणती उजवीकडून, कोणती डावीकडून. कपिला टी. नरसीपूरला येऊन मिळते, तिथे तर त्यांनी बोटांनी संगमाचा कोनही काढून दाखवला. कुठेही चुकले नाहीत.

"नद्या सगळ्या आठवतात, साहेब. ते बटण तेवढं आठवत नाही. फार प्रयत्न केला." मग त्यांनी हात जोडले. "तुम्ही एवढं छान करून ठेवलं होतं. माझ्यापायी सगळ्यांचं पाणी गेलं. मला माफ करा."

मी म्हणालो, "असू द्या, मेष्ट्रु. होतं असं."

चहा संपवला आणि निघालो. ते गेल्याचं मला असोसिएशनच्या ग्रुपवर कळलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती, तीत एक चित्र माझंही.

पाठ केलेलं वाक्य लांबलचक नव्हतं. मेष्ट्रु, तुम्ही काही विसरला नव्हता, ती मोटर मी चालू ठेवली होती, मला माफ करा.