छापू नका म्हटलेलं प्रकरण

बिरादार सर कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे. तहान असो वा नसो. पाणवठ्यासाठी, रस्त्यासाठी, देवळासाठी दलित वस्त्यांनी दिलेले लढे हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास, आणि स्वतः अहमदपूरकडच्या जमीनदार घरातले. "आमच्या आडावर ज्यांना पानी मिळालं न्हाई, त्यांच्या घरचं आधी प्यावं. मंग इचारावं," म्हणायचे. एवढं पाणी पिऊन परतीच्या एसटीत त्यांची जी चुळबुळ चाले, ती बघण्यासारखी!

नांदेडच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. त्यांची दुसरी खोड म्हणजे, लिहिलेलं प्रकरण ते छापण्याआधी ती हकीकत सांगणाऱ्यालाच वाचून दाखवायचे. त्यापायी पुस्तकं रखडायची आणि बरोबरीचे लोक पुढे निघून जायचे.

मुखेड तालुक्यातल्या सोजरबाईचं प्रकरण मात्र फार सुरेख उतरलं होतं. गावच्या आडावर गेलेली वस्तीतली ती पहिली बाई. लोकांनी घागर फोडली, डोकं फोडलं. दुसऱ्या दिवशी ती नवी घागर घेऊन गेली. आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. सरांनी वाचून संपवलं तेव्हा म्हातारी पदराने डोळे पुसत होती.

"लई चांगलं लिव्हलंय गुरुजी. पन छापू नगा."

"का माय?"

"ज्यानं घागर फोडली त्याचं घर हितंच हाय. त्याची सून माझ्या नातीच्या बाळंतपनात धावून आली. मला ह्याच गावात ऱ्हायाचं हाय."

"नाव बदलू की," मी मध्येच तोंड घातलं.

"गावाला नाव लागत न्हाई, पोरी," म्हणत सरांनी कागद पिशवीत ठेवले.

पुस्तक त्या प्रकरणाशिवाय निघालं. परीक्षणांत लोकांनी त्याला कोरडं ठरवलं. मी चरफडले. सर शांत होते. "आडावर गेली तवा तिचाच हक्क व्हता. न्हाई म्हनली तवा बी तिचाच." आज मी जे काही लिहिते ते या वाक्याच्या धाकात लिहिते, आणि त्यासाठी सरांची जन्माची ऋणी आहे.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेत मोठमोठी भाषणं झाली. मग नातवाचा खांदा धरून सोजरबाई माईकपाशी आली.

"गुरुजीनं मला इचारलं. मी न्हाई म्हनले. माझं ‘न्हाई’ जल्मात पयल्यांदा कुनी ऐकलं."

तिने गर्दीत मला शोधलं.

"आता छाप, पोरी. नावासकट."