मॅडमच्या गावाचं कुलूप

जठारपेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून माझ्याकडे दोन गोष्टी साचत गेल्या: कुठून निघाले ते न आठवणारे स्क्रू आणि किस्से. स्क्रू डब्यात टाकतो. किस्से पूर्वी इरफानभाईला सांगायचो. तो माझा भागीदार. आता त्याने अमरावतीत स्वतःचं दुकान टाकलंय, म्हणून तुम्ही सापडलात!

*

आमची भागीदारी जमली ती चोरीच्या गेमवर. अर्ध्या अकोल्याच्या कॉम्प्युटरमध्ये ते आम्हीच टाकले. एकदा एका गिऱ्हाइकाने भोळेपणाने विचारलं, "भाऊ, हे ओरिजनल हाये ना?"

इरफानभाई छातीवर हात ठेवून म्हणाला, "एकदम! आमी सोता कॉपी केली!"

*

गवई मॅडमनी मला शाळेत गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर त्यांना गाव वसवायच्या एका गेमचा नाद लागला. मी प्रेमाने फुकटची कॉपी घेऊन गेलो, तर दारातच अडवलं.

"गणितातबी बाजूच्याचंच पाहून लिहीत होता तू. मले ओरिजनल पाहिजे!"

ओरिजनलसोबत एक पहारेकरी सॉफ्टवेअर आलं. ते दरवेळी इंटरनेटवर विचारून यायचं, हा गेम खरा का, कॉम्प्युटर तोच का. नेट गेलं की मॅडमना स्वतःच्याच गावात प्रवेश नाही!

"काहून रे संजू, चोरीचा गेम बिनतक्रार चालते, अन् मी विकत घेतला तं मलेच बाहेर उभं करते?"

मी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

*

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. त्यांचे यजमान, गवई सर, रोज संध्याकाळी ते गाव उघडून बसायचे. बांधत काही नव्हते, नुसते रस्त्यारस्त्याने फिरायचे. मॅडमनी चांदूर रेल्वेचा भाऊ, परतवाड्याची मावशी, सगळ्यांना पाट्यांसकट घरं दिली होती.

एक दिवस सरांचा कॉम्प्युटर बंद पडला. बिघाड शोधायची आमची पद्धत जुनी: याचा पार्ट त्यात, त्याचा यात, धड चालू राहीपर्यंत अदलाबदल, आणि मधे चालू झाला की गेम लावून पाहायचा. शेवटी मॅडमची हार्डडिस्क दुकानाच्या मशीनला लावून पाहिली. गाव उघडलं. मी खूश! नवीन मदरबोर्ड टाकून कॉम्प्युटर सरांच्या घरी जोडला, तर स्क्रीनवर सूचना: पाच कॉम्प्युटरची मर्यादा संपली.

पार्ट बदलला की पहारेकऱ्याला तो नवा कॉम्प्युटर वाटत होता. पहिली संधी मॅडमची, बाकी चारही माझ्या अदलाबदलीत गेल्या होत्या, शेवटची दुकानाच्या मशीनवर. सर स्क्रीनकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

*

मग कंपन्यांशी ईमेलची मेलामेली सुरू झाली. गेमवाली कंपनी म्हणे, पहारेकऱ्याचं हे कुलूप आमचं नाही. कुलूपवाली कंपनी म्हणे, नियम गेमवाल्यांचे. मी विचारलं, मग लावलंत कशाला? दोघांचं एकच उत्तर: चोरांमुळे!

शेवटी त्यातला एकजण पाघळला. नवी संधी द्यायला तयार झाला. अट एकच, ज्यांच्या नावावर गेम आहे त्यांनी स्वतः फोन करावा.

मी अमरावतीला फोन लावला. सगळं सांगून विचारलं, "इरफानभाई, याले जबाबदार कोण?"

तो म्हणाला, "चोर म्हंजे आपुनच ना बे?"

*

कुलूप तोडलेली कॉपी मला अर्ध्या तासात मिळाली असती. तसं सरांना म्हटलंही.

"नोको," सर म्हणाले. "तिले चाललं नसतं."

म्हणजे आता गाव उघडतं ते फक्त माझ्या दुकानाच्या मशीनवर. सर रोज संध्याकाळी येतात आणि इरफानभाईच्या खुर्चीवर बसतात. तो गेल्यापासून ती रिकामीच होती. आम्ही फारसं बोलत नाही. ते गावात फिरतात, मी स्क्रू पिळतो. सर यायला उशीर झाला की मी चारदा रस्त्यावर डोकावतो.

परवा सरांनी हाक मारली. "संजू, इकडे ये. हे पाह्यलं का तू?"

गावाच्या पार टोकाला, सर आजवर गेले नव्हते त्या गल्लीत, एक छोटं दुकान होतं. मॅडमनी पाटीही लावली होती: संजू कॉम्प्युटर्स.

आणि त्याच्या बरोबर समोर, दाराला दार भिडवून, पोलीस चौकी!