मिशांचा सूर्य

संस्थानं विलीन झाली, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत बऱ्हाणपुरात दरबारी घड्याळं फार दिसू लागली. राजे गेले तसे त्यांचे चोपदार, खानसामे, कारकूनही देवडीबाहेर पडले आणि कधीकाळी बक्षीस मिळालेलं जे काही होतं ते घेऊन गावोगाव पांगले. त्यांच्या मनगटी घड्याळांवर कुठं मोर, कुठं ढाल-तलवार, अशी त्या त्या संस्थानची निशाणी असायची. इथल्या व्यापाऱ्यांना त्यांची हौस लागली, आणि हौस दिसल्यावर खोटी घड्याळंही निघाली. जुन्या साध्या घड्याळाच्या तबकडीवर कुणीतरी कुंचल्यानं मोर काढायचा आणि फेरीवाला आईची शपथ घेऊन ते खपवायचा.

बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. खरं-खोटं ठरवायला लोक माझ्याकडे येऊ लागले. माझी परीक्षा सोपी होती. त्या काळच्या चांगल्या घड्याळाची तबकडी पांढऱ्या मिन्याची, म्हणजे काचेसारखा लेप देऊन भट्टीत भाजलेली. कारखान्यातले आकडे त्या मिन्यातच भाजलेले असतात. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवला तरी ते हलत नाहीत. वरून काढलेला रंग मात्र कापसाला लागतो. लागला की नकली. दुकानासमोरच्या बाकावर बसणाऱ्या मंडळींना हा खेळ फार आवडायचा. रंग सुटला की ते हसायचे, आणि मी काही न बोलता कापूस उचलून त्यांना दाखवायचो. काही न बोलण्यातही मोठा तोरा असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

लोधीपुऱ्यात एक म्हातारे जमादार राहायला आले होते. सातपुड्यातल्या एका लहान संस्थानात त्यांनी जन्मभर राजवाड्याच्या देवडीवर पहारा केला होता. देवडी बंद झाली तेव्हा ते मुलाकडे आले. मुलगा इथं सरकारी कचेरीत बाबू होता. म्हाताऱ्यांच्या मनगटावर एक घड्याळ असायचं, आणि ते राजानं दसऱ्याच्या दरबारात स्वतःच्या हातानं बांधलं, असं ते सांगायचे. सगळ्यांना सांगायचे. गल्लीत त्यांचं नाव ‘राजेसाहेब’ पडलं होतं. मुलाला त्याची लाज वाटायची.

एका दुपारी तो बापाला घेऊन दुकानात आला.

“भाऊ, एकदाचा फैसला करून टाका,” तो म्हणाला. “बाबा घरात रोज राजा काढून बसतात. खरं असलं तर मी पाया पडतो. खोटं असलं तर आजपासून हा विषय बंद.”

“तू पाया नको पडू,” म्हातारे म्हणाले. “नुसतं ऐकून घेत जा.”

त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मशीन चांगलं, अस्सल. पेटीवरचा क्रमांक आणि मशीनवरचा क्रमांक जुळणारा. तबकडी मिन्याची, आणि तिच्या मधोमध कुंचल्यानं काढलेला एक सूर्य. त्याला डोळे होते, नाक होतं, आणि चांगल्या पिळदार मिशा होत्या.

मी तबकडी बाकाकडे वळवली. मी तसं करायला नको होतं.

“अरे, सूर्याला मिशा?” एकजण ओरडला. “हा कोणत्या गावचा पाटील उगवला?”

“दाढी करायची राहिली असेल सकाळी!”

मुलगाही हसला. म्हातारे मात्र शांतपणे मला म्हणाले, “घडीवाले भाऊ, त्या आमच्या राजेसाहेबांच्या मिशा आहेत. घड्या मुंबईहून साध्याच यायच्या. हत्तीचं गंडस्थळ रंगवणारा आमचा चितारी दसऱ्याच्या आधी त्यांवर सूर्य काढायचा. छोटं संस्थान आमचं. विलायतेतून छापून आणायला कुठला पैसा?”

असलं काहीबाही मी फेरीवाल्यांकडून बरंच ऐकलं होतं. प्रत्येक खोट्या मोरामागं एक गोष्ट असायची. मी काच काढली, कापूस बुडवला.

“थांबा,” म्हातारे म्हणाले.

मी थांबलो नाही. अर्धा सूर्य कापसावर आला. उरलेला अर्धा ठेवण्यात काही अर्थ नव्हता म्हणून तोही पुसला.

मग डोळ्याला भिंग लावून मी तबकडी पाहिली, आणि मला जे दिसलं ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. त्या मिन्याला केसासारखा बारीक तडा होता, एका कडेपासून मध्यापर्यंत आलेला. अशा तड्यात वर्षानुवर्षं घाम आणि धूळ जाऊन तो काळा पडतो. हाही काळा होता, पण सूर्याच्या कडेपर्यंतच. सूर्याखाली होता तेवढा तडा पांढराशुभ्र होता. म्हणजे धूळ शिरायच्या आधीपासून तिथं रंग होता. तो कुण्या फेरीवाल्यानं काल-परवा काढलेला नव्हता. घड्याळाच्या तरुणपणापासून तो सूर्य तिथं होता.

हे कळायला मला क्षणही लागला नाही. बाकावरची मंडळी वाट पाहत होती. मी भिंग काढलं आणि कापूस उचलून दाखवला.

“चला बाबा,” मुलगा म्हणाला. “आटपला तुमचा दरबार.”

म्हाताऱ्यांनी घड्याळ घेतलं नाही. ते मुलानं उचलून स्वतःच्या मनगटावर बांधलं. कोरी तबकडी तशी सुरेख दिसत होती. मी स्वतःला सांगितलं की घड्याळ म्हणून ते आता आधीपेक्षा अधिक अस्सल आहे. कारखान्यातून निघालं तसं. असं बरंच काही मी स्वतःला सांगितलं.

पुढचा दसरा होऊन गेल्यावर निंबोल्याचा एक केळीवाला शेतकरी घड्याळ दुरुस्तीला घेऊन आला. त्याचा मामा त्याच संस्थानात माहूत होता. काचेत डोकावलो. तोच सूर्य, डावीकडची मिशी जरा आखूड. काही न विचारताच तो म्हणाला, “जपून हां भाऊ. त्यांच्या चिताऱ्यानं काढलेलं आहे, पुसलं जाईल.”

त्याच संध्याकाळी मी लोधीपुऱ्यात गेलो. म्हातारे दारात स्टुलावर बसले होते, पाठ ताठ, जणू अजून कुणाचं तरी दार राखताहेत. मनगट रिकामं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या घड्याळाचं, आणि त्या तड्याचंही.

ते पुरतं ऐकून म्हणाले, “हे मला काय सांगता? मला माहीतच होतं. पोराला सांगा.”

तेवढ्यात मुलगा आला. त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा आक्रसला. “तेव्हा चार माणसांत नकली ठरवलं, आणि आता घरी येऊन गुपचूप अस्सल म्हणता? सांगायचं तर तिथंच सांगा, त्याच माणसांपुढं.”

त्याचं म्हणणं रास्त होतं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि मी बाकावरच्यांना ऐकवलं की त्या दिवशी मी चुकलो, जमादारांची गोष्ट खरी होती.

“काय रे, जमादारानं जिलबी खिलवली वाटतं?” एकजण म्हणाला.

मी निंबोल्याच्या घड्याळाची हकिकत सांगितली.

“म्हणजे दोन्ही एकाच फेरीवाल्याची,” दुसरा म्हणाला. खोट्या वस्तूची जोडी दिसली की कारागीर एकच समजावा, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

“तड्यात पुरावा आहे,” मी म्हणालो. “दाखवतो.”

मुलानं घड्याळ काढून दिलं. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी आशा दिसली. बापाच्या पाया पडायची त्याचीही इच्छा असावी. मी काच काढली, भिंग लावलं. तडा कडेपासून मध्यापर्यंत होता, आणि सगळा सारखा काळा होता. रंगाचं पांघरूण मीच काढलं होतं. मधल्या महिन्यांत मुलाच्या मनगटाचा घाम, कचेरीची धूळ, आमचा उन्हाळा, सगळं त्या उघड्या भेगेत जाऊन बसलं होतं. त्या दुपारी मी भिंग पुढं केलं असतं तर बाकावरच्या कुणालाही ते दिसलं असतं.

“काय दिसतंय?” मुलानं विचारलं.

“तेव्हा पांढरं होतं,” मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. त्यानं घड्याळ परत बांधलं, किती वाजले ते पाहिलं आणि कचेरीला निघून गेला.

म्हातारे त्यानंतर बरीच वर्षं जगले. गल्लीत त्यांना कुणी राजेसाहेब म्हणेनासं झालं, कारण त्यांनी राजाचं नाव काढणंच सोडलं होतं. तापीच्या राजघाटावर कधी समोर आले तर मला रामराम करायचे, आधीसारखाच. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मुलगा अजून दर वर्षी घड्याळ तेलपाण्याला माझ्याकडेच आणतो. मशीन उत्तम चालतं. मी काच काढतो, आणि तेल घालण्याआधी भिंग लावून तो तडा कडेपासून मध्यापर्यंत पाहून घेतो. तो समोर उभा असतो. आता तो काही विचारत नाही.