उरलेली भाकरी

भोरच्या एसटी स्टँडवर कैऱ्या विकणारी म्हातारी मला रोज पेपर वाचून दाखवायला लावायची. एका मार्चात मी वाचलं, “राज्याचं अंदाजपत्रक शिलकी.”

“म्हंजी?”

“खर्च भागून पैसे उरणार.”

“उरनार म्हंजी कुनीतरी जेवाया यायचं न्हाई बगा, मास्तर.”

मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलासाठी ती रोज फडक्यात भाकरी बांधून आणायची. मुंबईची गाडी आली की बसल्या जागेवरून उतरणाऱ्यांची तोंडं बघायची आणि संध्याकाळी भाकरी तशीच परत न्यायची.

पुढच्या वर्षी मी म्हणालो, “आजी, यंदा तूट. पैसे पुरायचे नाहीत.”

“पुरायचं न्हाई?” ती केवढ्यांदा हसली. “म्हंजी यंदा समदी येनार!”

कैऱ्या तशाच टाकून, भाकरीचं फडकं घेऊन ती मुंबईच्या गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.