पोटातल्या कावळ्यांची ओळख परेड

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो. बायको म्हणते, "झालं, यांची ड्यूटी सुरू झाली." बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली. दरोडे उघडकीस आणले, खुनाचे तपास केले, दोनदा बक्षीसही घेतलं. पण ज्या तपासात माझ्या अंगावर वर्दी नव्हती, मला काडीचा अधिकार नव्हता आणि मुद्देमाल म्हणून फक्त दोन कागद होते, त्या तपासाइतका आनंद मला दुसऱ्या कशात क्वचितच झाला असेल. हा तपास परमुलखात घडला, अबुधाबीजवळच्या मुसफ्फात, इंग्रजीच्या क्लासात. सवयीप्रमाणे नाव कोणाचंच घेणार नाही.

माझा मुलगा मुसफ्फाच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत इंजिनिअर आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो. निवृत्त पोलीस घरात बसला की घरच्यांचीच चौकशी सुरू करतो. फ्रीजमधलं दही कोणी संपवलं याचाही मी तपास लावायला लागलो, तेव्हा मुलगा कंटाळला. कंपनीत कामगारांसाठी दर रविवारी इंग्रजी परीक्षेच्या तयारीचा क्लास चालायचा, त्यात त्याने माझी वर्णी लावली. म्हणाला, "बाबा, तुमचं इंग्लिश एफआयआरचं आहे. परवा सुपरमार्केटमध्ये तुम्ही 'द सेड टोमॅटो' म्हणालात. तो माणूस घाबरला."

क्लास मला जाम आवडला. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार पेपर. चाळीस मिनिटांत अडीचशे शब्दांचा निबंध, समोर घड्याळ. बोलण्याच्या सरावात दोन मिनिटं न थांबता बोलायचं. मी तर पहिल्याच दिवशी पाच मिनिटं बोललो, मॅडमनी टेबल वाजवून थांबवलं. या मॅडम मूळच्या केरळच्या, वीस वर्षं तिकडे शिकवत होत्या. वर्गात पंचवीसेक जण, वेगवेगळ्या देशांचे आणि प्रांतांचे. आठवडाभर लोखंडाशी झुंजलेली ती माणसं रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायची आणि क्रियापदाच्या तिन्ही रूपांशी झुंजायची. ते बघूनच मला हुरूप यायचा.

त्यातला एक वेल्डर. खेडकडचा, पस्तिशीचा. बारा वर्षं तोंडावर मास्क लावून ठिणग्यांसमोर बसलेला. संध्याकाळी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डोळे जपायचे असतील तर हे काम सोड. सोडून करणार काय? वाट एकच होती. कंपनीला क्वालिटी इन्स्पेक्टर हवा होता, म्हणजे दुसऱ्याची वेल्डिंग तपासून रिपोर्ट लिहिणारा माणूस. त्यासाठी ही इंग्रजीची परीक्षा ठरावीक बँडने, म्हणजे ठरावीक गुणश्रेणीने पास व्हायला हवी, आणि त्या वर्षी कंपनी एकाच माणसाला परीक्षेला बसवणार होती. शेवटी दोन नावं उरली, हा वेल्डर आणि एक स्टोअरकीपर. वेल्डर वाचण्यात, ऐकण्यात पुढे, पण बोलताना अडखळायचा. स्टोअरकीपर लखनौकडचा, देखणा गडी, इंग्रजी असं फाडफाड बोलायचा की मॅडमही बघत राहायच्या. निर्णय लेखी निबंधावर ठेवला. विषय होता 'एक कठीण दिवस'. घरून लिहून आणायचं.

आणि त्या रविवारी मॅडमनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"टू पीपल, वन एसे. हाउ?"

दोन्ही निबंध शब्दाला शब्द एकच! कंपनीची बस वाळूत बंद पडली, दुपारचे तीन वाजले, जेवणाची गाडी आली नाही, पाणी संपलं, अशी हकिकत. दोघंही त्या बसमध्ये होते, त्यामुळे प्रसंगावरून काही ठरत नव्हतं. फरक एवढाच की स्टोअरकीपरचा कागद स्वच्छ, स्पेलिंग बिनचूक. वेल्डरच्या कागदात चुकाच चुका. मॅडमचा तर्क सरळ होता. ज्याला नीट लिहिता येत नाही त्याने नक्कल केली. त्यात एक वाक्य त्यांना फार आवडलं होतं, ते त्यांनी मोठ्याने वाचूनही दाखवलं: "क्रोज वेअर शाउटिंग इन माय स्टमक." म्हणाल्या, "सच अ फ्रेश इमेज!" स्टोअरकीपर किंचित हसला. वेल्डरने मान खाली घातली.

कबूल करतो, मीही त्याला गुन्हेगार ठरवून मोकळा झालो. खाली गेलेली मान म्हणजे अर्धी कबुली, असं मी नव्या हवालदारांना शिकवत आलो होतो.

क्लास सुटल्यावर तो माझ्यामागे आला. "साहेब, तुम्ही पोलिसात होता ना? मी नाही केली कॉपी."

"मग मान खाली का घातलीस?"

"डोळ्यांत पाणी येत होतं, साहेब. लोकांना वाटलं असतं रडतोय."

खाडकन कानाखाली बसावी तसं झालं मला. तिथेच बाकावर बसून मी त्याचा जबाब घेतला. कॅम्पात दोघं शेजारच्या खोल्यांत राहायचे. स्टोअरकीपर म्हणाला होता, दे तुझी वही, स्पेलिंग बघून देतो. वही एक रात्र त्याच्याकडे होती. साक्षीदार? कोणी नाही. म्हणजे याचा शब्द आणि त्याचा शब्द, आणि त्याचा शब्द इंग्रजीत.

बाहेर पडताना एका बंगाली क्रेन ऑपरेटरने मला हळूच गाठलं. "दादा, उल्टा हुआ है. उसने इसके नोटबुक का फोटो खींचा. मैंने देखा." मी म्हटलं, मॅडमना सांगशील? त्याने दोन्ही हात जोडले. स्टोअरकीपर त्याच्याच खोलीत राहायचा. खबर पक्की, पण खबऱ्या जबाब देणार नाही. गाव बदललं, देश बदलला, खबरी तेच!

माझ्या अंगात संचारलंच. मॅडमकडून दोन्ही कागदांचे फोटो घेतले होते, ते बसस्टॉपवर उभा राहून ओळ न् ओळ तपासले. कुठे खाडाखोड, कुठे शब्द सुटला, काही नाही. चोराने माल नुसता चोरला नव्हता, धुऊन पुसून इस्त्री करून ठेवला होता. घरी पोहोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. दारातूनच ओरडलो,

"अगं, वाढ लवकर, पोटात कावळे ओरडतायत!"

आणि एक चप्पल पायात, एक हातात, असा तिथेच उभा राहिलो.

कावळे! ते वाक्य मी पाच वेळा वाचलं होतं आणि पाचही वेळा मला त्यात काही खटकलं नव्हतं. खटकणार कसं? ते माझ्याच घरचं होतं. केरळच्या मॅडमना ती नवी कोरी प्रतिमा वाटली आणि मला ती इतकी ओळखीची की दिसलीच नाही. लखनौच्या माणसाच्या पोटात कावळे कुठून येणार? तिकडे चूहे दौडतात! बायकोने ताट वाढलं, भात निवला, मी फोनवर.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अंकल, मराठीत तसं म्हणतात हे तुम्ही सांगताय. तुम्ही त्याच्या गावाकडचे." बाई पक्क्या होत्या. माझा साक्षीपुरावा हितसंबंधी म्हणून त्यांनी तिथल्या तिथे फेटाळला. मला त्यांचा रागही आला आणि त्यांना सलाम ठोकावासाही वाटला.

मग मी ओळख परेडची कल्पना मांडली. संशयिताला एकट्याला उभं करून विचारायचं नाही, दहा जणांत उभं करायचं, हा आमचा नियम. त्या हसल्या, म्हणाल्या, "नेक्स्ट संडे." त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कंपनीला नाव द्यायचं होतं. तो पूर्ण आठवडा मी वेल्डरला एक अक्षर सांगितलं नाही. फिर्यादीला पढवला की केस मेलीच. तो बिचारा रोज फोन करायचा, "काका, काही झालं का?" साहेबाचा मी आता काका झालो होतो. मी म्हणायचो, "तपास चालू आहे."

रविवारी मॅडमनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. "खूप भूक लागली की तुमच्या घरी काय म्हणतात? तुमच्या भाषेत, तुमच्या लिपीत लिहा. बोलायचं नाही." चिठ्ठ्या घड्या घालून डब्यात गोळा केल्या. मी दोन पंच नेमले, पेशावरचा एक ड्रायव्हर आणि तोच बंगाली ऑपरेटर. मग एकेकाने उठून आपली चिठ्ठी वाचायची आणि इंग्रजीत अर्थ सांगायचा, मॅडम फळ्यावर लिहिणार.

काय रंग चढला म्हणून सांगू! बिहारी फिटर उठला: चूहे. फळ्यावर 'रॅट्स'. नेपाळी वॉचमन उठला: मुसा, म्हणजे पुन्हा उंदीरच. सुरतचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "हमारे पेट में बिलाडा बोलता है," म्हणजे बोके. वर्ग खदखदायला लागला. बंगाली ऑपरेटर लाजत म्हणाला, त्यांच्याकडे पोटात चिचुंद्री जोर काढते. मॅडमना चिचुंद्रीला इंग्रजी शब्द सापडेना, त्यांनी फळ्यावर चित्रच काढलं. पेशावरवाला हसून हसून टेबलावर पडला, माझा पंच!

मग श्रीवर्धनकडचा स्कॅफोल्डिंगचा फोरमन उठला. वय झालेला, पांढरी दाढी. चिठ्ठी न बघताच म्हणाला, "आमच्यात कावले कोकलतात." कावळ्यांचे कावले, आमच्या किनाऱ्यावरचे. मॅडमचा मार्कर फळ्यावर टेकला आणि थांबला. त्या वळल्या नाहीत. हळूच लिहिलं: 'क्रोज'.

पुढचा नंबर स्टोअरकीपरचा. तो बेफिकीर उठला, चिठ्ठी उलगडली आणि खणखणीत वाचलं, "पेट में चूहे दौड़ रहे हैं. रॅट्स आर रनिंग, मॅम."

शेवटी वेल्डर उठला. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "पोटात कावळे ओरडतात," तो म्हणाला, "क्रोज... क्रोज आर शाउटिंग."

मॅडम आता वळल्या. फळ्यावर उंदीर, बोके, एक चित्रातली चिचुंद्री आणि दोनच कावळे. त्यांनी टेबलावरचा स्टोअरकीपरचा निबंध उचलला आणि एवढंच विचारलं, "देन हूज क्रोज आर दीज?"

स्टोअरकीपरने फळ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. त्याची ती फाडफाड इंग्रजी कुठल्या कुठे गेली. म्हणाला, "मॅम, मैं तो समझा था ये इंग्लिश का मुहावरा है."

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग अख्खा वर्ग. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिल्यावर एकेक जण गप्प झाला. मी पुढे झालो. आवाज चढवला नाही. तुटलेल्या माणसावर आवाज चढवणारा अधिकारी मला कधीच पटला नाही. त्याने सगळं सांगितलं. वहीचे फोटो काढले, चुका सुधारल्या, आपला कागद आधी नेऊन दिला. "बोलना आता है, अंकल जी. लिखने बैठता हूँ तो अपना कुछ निकलता ही नहीं. घर पे बोल दिया था कि इन्स्पेक्टर बन रहा हूँ."

मी वेल्डरकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा तोंडसुख घेणार. तो आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "भाई, माँगता तो मैं दूसरा लिख के देता था ना."

सोमवारी कंपनीला वेल्डरचं नाव गेलं. मॅडमनी त्याला बजावलं की खऱ्या परीक्षेत साधं 'आय वॉज व्हेरी हंग्री' लिही, तिथे ओळख परेड घ्यायला कोणी काका नसतील. स्टोअरकीपरला त्यांनी क्लासातून काढलं नाही. रोज दहा ओळी स्वतःच्या लिहून आणायच्या, अशी शिक्षा दिली. पहिल्या आठवड्यात तो आपल्या आईच्या शिलाई मशिनबद्दल लिहून आला, आणि मॅडमनी तेही वर्गात वाचून दाखवलं.

निकाल लागला तेव्हा मी भारतात परतलो होतो. फोनवर वेल्डर नुसता ओरडत होता, "काका, आला बँड! आला! खलास, मास्क खलास!" मीही इकडून ओरडत होतो. शेजारी गॅलरीत आले. आता तो हातात टॉर्च घेऊन दुसऱ्यांच्या वेल्डिंगचे सांधे तपासतो, आणि संध्याकाळी त्याचे डोळे कोरडे असतात.

या केसने मला काय शिकवलं? शिकवलं म्हणण्यापेक्षा पकडलं. माणसाचं बोलणं हा त्याच्या बोटाचा ठसा असतो, हे मला एका वेल्डरच्या चुकलेल्या इंग्रजीने दाखवलं. आणि मी बत्तीस वर्षं काय केलं? समोर बसलेला माणूस आपल्या शब्दांत सांगायचा आणि मी रायटरला 'सदर इसम' म्हणून उतरवून घ्यायला लावायचो. शेकडो जबाब, सगळे एकाच माणसाने दिल्यासारखे. ठसे मीच पुसत होतो.

एक बाई आठवते. किनाऱ्यावरच्या गावातली, नवरा हरवल्याची तक्रार द्यायला आलेली. ती म्हणाली होती, "साहेब, त्यांच्या चपला घराकडं तोंड करून पडल्यात." म्हणजे माणूस घरी परत आला होता आणि नंतर अनवाणी बाहेर गेला होता, स्वतःहून गेला की कोणी नेला, कोण जाणे. मी लिहून घेतलं, 'सदर इसम कोणास काही एक न सांगता घरातून निघून गेला.' तो सापडला नाही. बाईने त्या जबाबावर अंगठा दिला, तिला वाचता येत नव्हतं. तिचं वाक्य त्या कागदावर कुठेच नाही. म्हणून ते मी इथे, तिच्याच शब्दांत, लिहून ठेवतो आहे.