काच निजेपर्यंत

बेळगाव स्टेशनावर मला पोचवायला दोघंच आले होते, बाबा आणि काका. बाबांनी ट्रंक डब्यात चढवली. काकांनी सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काच घासायला बेंगळूरला कशाला जायला पाहिजे म्हणतो मी? दुकानात रोज तेच तर करतीस की!" डब्यातले अनोळखी लोकसुद्धा हसले. मला इतका राग आला की काकांच्या पाया पडायचं मी मुद्दाम विसरले. बाबा हसले नाहीत. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "दोन वर्षं घे. नाही जमलं तर परत ये. चाक तुझंच आहे."

त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं, हे आज कळतं. तेव्हा मला ती धमकीच वाटली.

आमचं चष्म्यांचं दुकान तुम्हा बेळगावकरांपैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. भिंगं बाबा स्वतः घासायचे, आणि मी एकुलती एक असल्यामुळे बाराव्या वर्षापासून भिंगं घासायच्या चाकावर बसले. घासलेली काच उतरवली की ती मागच्या काळ्या कडप्प्यावर ठेवायची आणि बाबा चहाला निघायचे. कितीही घाईचं गिऱ्हाईक असो, काच लगेच तपासायची नाही. "निजू दे गं तिला," एवढंच म्हणत. मला वाटे, चहाची तलफ येते आणि नाव काचेचं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकायला लागल्यावर तर मी त्यांची थट्टाही केली होती.

दोन वर्षांचं प्रकाशशास्त्राचं शिक्षण घ्यायला मी बेंगळूरला आले आणि बसवनगुडीत एका मराठी कुटुंबाकडे राहिले. त्यांचे पूर्वज इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे आले होते की कुठल्या गावचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरमालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "स्वल्प बस, कॉफी घे. सगळं सरी होतंय." थोडं म्हणायचं तर स्वल्प, ठीक म्हणायचं तर सरी; त्यांच्या या कानडी मिसळलेल्या मराठीला मी मनात हसले. आज माझ्या तोंडी तीच भाषा आहे आणि बेळगावला गेले की तुम्ही मला हसता, म्हणजे फिटंफाट झाली.

माझ्या मार्गदर्शक सरांनी प्रबंधासाठी मला एक जाड गोल काच दिली. ती हातानं घासून अगदी सपाट करायची. तपासणीची रीत अशी, की आपली काच दुसऱ्या, खात्रीच्या सपाट काचेवर ठेवायची आणि पिवळ्या दिव्याखाली पाहायची. काळे पट्टे दिसतात. पट्टे सरळ तर काच सपाट, पट्टे वाकडे तर काच वाकडी. मी मनात म्हटलं, ही तर घरचीच विद्या. महिन्यात उरकते.

तीन महिने झाले, तरी पट्टे सरळ होईनात. दुपारी पाहावं तर मधे टेंगूळ. ते घासून काढावं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच खड्डा. कडा घासून खड्ड्याच्या पातळीला आणाव्यात, की दुपारी पुन्हा टेंगूळ. सर एकदा म्हणाले, "मार्चपर्यंत हे असंच राहिलं तर लिहिणार काय?" त्या दिवशी मला काकांचा आवाज ऐकू आला, फलाटावरच्या हशासकट. दोन वर्षांतलं दुसरं वर्ष चालू होतं.

मग बसवनगुडीतली शेंगांची जत्रा आली. मी दुपारी काच घासून दिव्याखाली लावली होती, पट्टे नेहमीसारखे वाकडे दिसत होते, एवढ्यात अक्का प्रयोगशाळेच्या दारात हजर! "काच कुठं पळून जातीया काय? चल गं." जवळजवळ ओढूनच नेलं त्यांनी. दोन तास शेंगा खात हिंडलो. परत येऊन पाहते तर पट्टे सरळ, पट्टीनं आखावेत तसे. आधी वाटलं, कुणी काच बदलली. मग माझ्या हाताकडे लक्ष गेलं. घासताना हाताच्या उबेनं काच फुगत होती आणि निवली की पुन्हा बसत होती. मी तीन महिने नसलेलं टेंगूळ घासून खड्डे पाडत होते. बाबांची काच चहा होईपर्यंत निजायची, माझ्या काचेला मी निजूच दिलं नव्हतं. चष्मेवाल्याची मुलगी, आणि ही चूक! हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

प्रबंधाचा विषयच मी बदलला. घासलेली काच किती वेळात निवते, जाडीप्रमाणे तो वेळ किती वाढतो, हे दर पाच मिनिटांनी पट्टे पाहून मांडलं. प्रकाशशास्त्रातल्या उत्तम विद्यार्थी-प्रबंधाला दरवर्षी देशपातळीवर एक बक्षीस असे. सरांनी माझा प्रबंध तिथे पाठवला. बाकीच्यांकडे परदेशी यंत्रं होती. माझ्याकडे एक दिवा, एक घड्याळ आणि बाबांची चहाची सवय. परीक्षकांनी विचारलं, "थांबायचं तुम्हाला कुणी शिकवलं?" मी सरळ सांगितलं, बाबांनी. आणि बक्षीस मला मिळालं! मला! माझं नाव पुकारलं तेव्हा मी इतक्या जोरात उठले की खुर्ची मागे पडली.

समारंभ बेंगळूरलाच होता; बाबा आले, काकाही आले. काकांच्या खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं आणि बेळगावपासून त्यांची कुरकुर चालली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी मी दोघांना त्या गाठोड्यासकट प्रयोगशाळेत नेलं, काच घासून दिव्याखाली ठेवली. जन्मभर जे हातानं ओळखलं ते बाबा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते. वाकडे पट्टे हळूहळू सरळ होत गेले. बराच वेळ ते वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "निजली."

मी काकांकडे वळून म्हटलं, "काच घासायला बेंगळूरला यायला लागतं, काका." काका म्हणाले, "लागतं बाई, लागतं. हे गाठोडं सोड आता." घोंगडी सोडली तर आत दुकानातला काळा कडप्पा. मी बाबांकडे पाहिलं. ते कडप्पा पुसत होते. "चाकाला माणूस बघितलाय मी," म्हणाले. "तू आता परत येऊ नकोस."

मी खाली बसले आणि कडप्प्याची दुसरी बाजू पुसायला लागले.

आज तो कडप्पा माझ्या प्रयोगशाळेत खिडकीखाली आहे. माझे विद्यार्थी घासलेली काच त्यावर ठेवतात आणि घाई करतात. मग मी त्यांना कॉफीला घेऊन जाते. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजून बेळगावच सांगते. पण कॉफीहून परत येताना दारातूनच त्या काळ्या दगडावर निजलेली काच दिसते, आणि मी घरी पोचलेली असते.