मरळीच्या यकृतातील चौथा डाग

माशाच्या यकृतात धान्याचा रेणू कुठून येतो? हा प्रश्न भीमपूरच्या पूनमला पडला होता. कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी आदिलाबादेत मरळ माशाच्या यकृतातील ग्लायकोलिपिडांवर, म्हणजे साखर जोडलेल्या स्निग्ध रेणूंवर, संशोधन करत होती. यकृताचा अर्क सिलिकाच्या पट्टीवर चढवून ऑर्सिनॉल हे रंग आणणारे रसायन फवारले आणि पट्टी तापवली की हे रेणू जांभळे उमटत. तिच्या पट्टीवर असे चार डाग होते. तीन डागांच्या रचना प्राण्यांत नेहमी आढळणाऱ्या निघाल्या. चौथ्याच्या साखळीत मात्र एक जादा दुहेरी बंध होता, आणि तोही धान्यातल्या रेणूंत असतो त्याच जागी. मार्गदर्शक मारोतरावांच्या मते प्रबंधाचे सारे नावीन्य या रेणूतच होते. त्यावरचा लेखही लिहून तयार होता.

पूनमला तो पाठवण्याचा धीर होत नव्हता. तळ्यातल्या रोहूला कोंडा घालतात, त्याच्यात तो रेणू उतरला असता. मरळ तर लहान मासे खाऊन जगते.

सुटीत ती घरी आली, तेव्हा आई बयनाबाई अंगणात मरळच साफ करत होती. बुळबुळीत मासा निसटू नये म्हणून इकडच्या बायका ज्वारीच्या कोंड्यात हात घोळवून घेतात. कालेजात मासा कोण कापून देतो, अशी चौकशी आईने केली. मीच कापते, तुझ्यासारखीच, असे पूनमने सांगितले.

"मंग तिथं कोंडा कोन देते व?"

"घरचाच नेला हाय, माय," म्हणता म्हणता पूनम थांबली. कोंडा लागलेल्या त्याच हातमोज्यांनी ती यकृत बाहेर काढत आली होती.

कारण समजल्यावर बयनाबाई हसली. "मंजे इतके दिस आपल्या जवारीलेच तपासून राह्यली तू."

परतल्यावर पूनमने नव्या मरळी खरखरीत कापडात धरून कापल्या. डाग तीनच उमटले. नुसत्या कोंड्याचा अर्क चढवला, तर चौथा डाग नेमका त्याच उंचीवर आला, आणि तपासणीत रचनाही तीच निघाली. मारोतरावांनी दोन्ही पट्ट्या बराच वेळ न्याहाळल्या. प्रबंध आता दुबळा दिसेल, हे त्यांनी लपवले नाही; तरी लेख रद्द करायला ते आडवे आले नाहीत.

पूनमचा प्रबंध ऑगस्ट २०२३ मध्ये तीन रचनांसह मान्य झाला.